शहाण्यांचं शोधपथक

घरातलं माणूस हरवलं की घरातले सगळे मोठे एकदम बोलायला लागतात. कोणी म्हणतं, त्याला मी आधीच बजावलं होतं. कोणी म्हणतं, तो त्या बाजूला जाणं शक्यच नाही. आणि ज्याला त्या भागाचं काहीच ठाऊक नसतं तो नकाशा मागतो. या गलक्यात कोपऱ्यातला तेरा-चौदा वर्षांचा मुलगा काहीतरी सांगू पाहत असतो. त्याला "तू मध्ये मध्ये बोलू नकोस" असं दटावून पाणी आणायला पिटाळलं जातं. कुमारांसाठी लिहिलेल्या रहस्यकथांत हरवलेला काका, मामा किंवा बाप शेवटी नेमका हाच मुलगा शोधून काढतो आणि आपण ती लेखकाने बालवाचकाला दिलेली सवलत समजतो. माझं म्हणणं असं की यात सवलतबिवलत काही नाही. उघड्यावर, म्हणजे रानात, डोंगरात किंवा समुद्रावर हरवलेला माणूस ऐकणाऱ्याला सापडतो, आणि ऐकण्याचा रियाज आपल्याकडे फक्त मुलांना असतो. जन्मल्यापासून त्यांना दुसरं काही सांगितलेलंच नसतं. "मोठ्यांचं ऐक", "आधी ऐकून घे", "एकदा सांगितलेलं ऐकू येत नाही का?" असा अठरा वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून मूल सज्ञान होतं, आणि सज्ञान झाल्या दिवसापासून त्याच्या कानांना काम उरत नाही. ते बोलणाऱ्यांत जमा होतं.

पुरावा म्हणून ज्यूल व्हर्नची कॅप्टन ग्रँटच्या मुलांची कादंबरी पुढे करतो. ही एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच कादंबरी मुलांच्या एका नियतकालिकात क्रमशः आली आणि १८६७-६८ मध्ये तिचं पुस्तक झालं. भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या बऱ्याच कादंबऱ्या मराठीत आणल्यामुळे हा लेखक आपल्याकडे परका नाही. गोष्ट सुरू होते जुलै १८६४ मध्ये. लॉर्ड ग्लेनारव्हन नावाच्या स्कॉटिश सरदाराची 'डंकन' ही नवीकोरी वाफेची नौका चाचणीच्या फेरीवर असते. खलाशी एक शार्क मासा पकडतात, माशाच्या पोटात बाटली निघते, बाटलीत इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन अशा तीन भाषांत लिहिलेला एकच मजकूर. खाऱ्या पाण्याने त्यातली निम्म्याहून अधिक अक्षरं गिळलेली. तिन्ही कागद शेजारी ठेवून एवढं जुळतं की 'ब्रिटानिया' जहाज बुडालं आहे, कॅप्टन ग्रँट आणि दोन खलाशी कुठेतरी अडकले आहेत आणि ते ठिकाण दक्षिण गोलार्धात ३७ अंश ११ मिनिटं अक्षांशावर आहे. रेखांश मात्र पुसला गेलेला. पत्त्यात गल्ली आहे आणि घर नंबर नाही, अशातली गत. फक्त ही गल्ली सबंध पृथ्वीला वळसा घालते. ग्रँटला दोन मुलं आहेत. मेरी सोळा वर्षांची, रॉबर्ट बाराचा. वर्तमानपत्रातली सूचना वाचून दोघं ग्लेनारव्हनच्या वाड्यावर येऊन उभी राहतात. नौदल खात्याकडे मदतीचा अर्ज जातो आणि यथाकाल फेटाळला जातो. तेव्हा ग्लेनारव्हन स्वतःच्याच नौकेतून, मुलांना बरोबर घेऊन निघतो.

इथवर सगळं ठीक. बिघडतं ते नौकेत एक विद्वान निघतो तिथपासून. झाक पागानेल हा पॅरिसच्या भूगोल मंडळाचा चिटणीस. जगातल्या सगळ्या नद्या, डोंगर आणि त्यांचे शोध कोणी कधी लावले ते त्याला तोंडपाठ, आणि पाय मात्र चुकीच्या जहाजावर. त्याला दुसऱ्या बोटीने कलकत्त्याला जायचं असतं. तो रात्री येऊन भलत्याच नौकेच्या खोलीत शिरतो, छत्तीस तास झोपतो आणि उठून डेकवर येतो तेव्हा आपण हिंदुस्थानला चाललो आहोत याबद्दल त्याची खात्री असते. इकडे येऊन तो तिबेटातली त्सांगपो नदी ब्रह्मपुत्रेला मिळते की नाही ते पाहणार होता. आपण थोडक्यात वाचलो. प्रवासात हा गृहस्थ चिली आणि पातागोनियासाठी स्पॅनिश शिकायला घेतो, रोज नेमाने अभ्यास करतो, आणि तिथे उतरल्यावर एका अक्षराचाही उपयोग होत नाही म्हणून स्थानिक लोकांच्या उच्चारांना दोष देतो. मग उलगडा होतो की त्याने घोकलेली भाषा पोर्तुगीज आहे. पुस्तक चुकीचं उचललं होतं. हा विनोद व्हर्नने गमतीखातर घातला असं म्हणायला हरकत नाही, पण त्याकडे नीट पाहा. भाषा शिकणाऱ्याला ती कोणाच्या तरी तोंडून ऐकावी लागते. पागानेलने ती वाचली आणि म्हटली. समोरचा माणूस काय बोलतो याची गरज पडण्याआधीच त्याची तयारी पूर्ण झाली होती.

बाटलीतल्या कागदाचंही तेच. फ्रेंच तुकड्यात 'गोनी' एवढी अक्षरं दिसतात. त्यावरून पातागोनिया ठरतं. 'इंदी' दिसतं, त्यावरून कॅप्टन क्रूर इंडियन लोकांच्या कैदेत आहे हे ठरतं. पथक अँडीज ओलांडतं. वाटेत एक गिधाड रॉबर्टला उचलून नेतं आणि थाल्काव्ह नावाचा पातागोनियन वाटाड्या गोळी घालून त्याला सोडवतो. पुढे पंपाच्या मैदानात ग्लेनारव्हन, थाल्काव्ह आणि रॉबर्ट एका कुंपणात अडकतात आणि बाहेर लांडग्यांचा कळप. कोणीतरी घोड्यावरून निघून कळपाला मागे लावून न्यायला हवं. दोघे मोठे, कोणी जायचं यावर एकमेकांशी हुज्जत घालतात. दोघेही शूर, दोघेही उदार, दोघांचंही म्हणणं बिनतोड. तेवढ्यात बारा वर्षांचा रॉबर्ट थाल्काव्हच्या घोड्यावर टांग टाकून निघूनही गेलेला असतो. त्याने दोघांचं ऐकलं, ठरत काही नाही हेही ऐकलं, आणि कामाला लागला. या प्रसंगात नुसतं शौर्य पाहणाऱ्यांनी जरा बेरीज करून पाहावी: तीन माणसं, एक घोडा, आणि वाद घालायला वेळ कोणाला होता, तर ज्यांना मत होतं त्यांना.

अमेरिकेत कॅप्टन नाही हे पटायला पुराची गरज पडते. पाण्याने वेढलेलं पथक एका अवाढव्य झाडावर चढून बसतं, खाली मगरी जमतात, आणि या निवांत जागी पागानेलला साक्षात्कार होतो की आपण कागद चुकीचा वाचला. कॅप्टन ऑस्ट्रेलियात आहे. सगळ्यांना लगेच पटतं. झाडावर बसलेल्या माणसाला दुसरा खंड नेहमीच बरा वाटतो. ऑस्ट्रेलियात एका शेतकऱ्याच्या घरी एअर्टन नावाचा माणूस भेटतो आणि सांगतो की मी 'ब्रिटानिया'वर होतो, जहाज पूर्व किनाऱ्याला फुटलं. कागदपत्र दाखवतो, आत्मविश्वासाने बोलतो. पथक त्याच्यामागून सबंध मुलूख पार करतं. प्रत्यक्षात हा बंडखोर. ग्रँटने त्याला जहाज बुडायच्या कितीतरी आधीच किनाऱ्यावर उतरवून दिलं होतं, त्यामुळे जहाजाचं पुढे काय झालं हे त्याला पथकाइतकंच ठाऊक, म्हणजे शून्य. त्याची लबाडी उघडी पडते ती मेजर मॅकनॅब्जमुळे. हा मेजर पथकातला सर्वांत कमी बोलणारा मोठा माणूस. रात्री अंधारात चमकणाऱ्या आळंब्यांच्या उजेडात तो रानात एकटाच सरपटत जातो आणि दरोडेखोरांचं बोलणं ऐकून येतो. माझ्या मुद्द्याला मोठ्यांमध्ये अपवाद हवा असेल तर हा घ्या. अपवादसुद्धा नियमाप्रमाणेच वागतो: न बोलणाऱ्याला ऐकू आलं.

मग तिसरं वाचन. इंग्रजी तुकड्यातल्या 'अलँड'वरून न्यूझीलंड निघतं, तिथे माओरी लोकांच्या तावडीतून जीव वाचवताना नाकी नऊ येतात, पागानेल अंगावर गोंदवून घेऊन परततो आणि ते कोणाला दिसू नये म्हणून शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून फिरतो. शोध संपतो. संपतो म्हणजे लागतो असं नव्हे. सगळे हात टेकतात. आता कैदेतल्या एअर्टनशी सौदा होतो: जे माहीत असेल ते सांग, आम्ही तुला फाशीऐवजी एखाद्या निर्जन बेटावर सोडू. तो सांगतो, त्यात उपयोगाचं काहीच नसतं, तरी शब्द दिला म्हणून नौका नकाशावर दिसणाऱ्या सर्वांत जवळच्या बेटाकडे वळते. बेटाचं नाव मारिया तेरेसा. रात्री मेरी आणि रॉबर्ट डेकच्या कठड्याशी उभी असतात. अंधारातून, पाण्यावरून हाक येते. बापाचा आवाज. दोघांनाही एकाच वेळी. मोठे धावत येतात, मुलांची समजूत घालतात आणि तो भास ठरवतात. सकाळी बेटाच्या किनाऱ्यावर तीन माणसं उभी असतात आणि त्यातला एक कॅप्टन ग्रँट असतो.

यानंतर पागानेलला कळतं की हेच बेट फ्रेंच नकाशांत टेबर नावाने दाखवतात. कागदावर 'आबोर' अशी अक्षरं स्पष्ट होती. त्याने ती किनाऱ्याला लागणं या अर्थी घेतली होती. 'इंदी' म्हणजे इंडियन नव्हेत, फ्रेंचमध्ये हलाखीसाठी जो शब्द आहे त्याचं ते डोकं. क्रूर टोळ्यांच्या शोधात तीन मुलूख पालथे घातले, आणि कॅप्टनला छळत होती ती क्रूर गरिबी. रहस्यकथेच्या नियमाने शेवटी गुन्हेगार दाखवावा लागतो. समुद्राने कॅप्टनला दोन वर्षं अडकवलं हे खरं, पण शोध सुरू झाल्यानंतरचे महिने त्याला तिथे कोणी ठेवलं? एका बेटाला दोन नावं आहेत हे माहीत असूनही वेळेवर न आठवलेल्या भूगोलतज्ज्ञाने. पागानेल स्वतः शरमेने मान खाली घालतो, त्याअर्थी कबुलीजबाबही आहे.

यावर पहिली हरकत अशी येईल की हे सगळं एका लेखकाने मुलांना खूश करायला रचलं. त्याच्या नियतकालिकाचे वाचक मुलंच होती. या युक्तिवादात एक व्यावहारिक चूक आहे. मुलांच्या मासिकाची वर्गणी मुलं भरत नाहीत. एट्झेल या प्रकाशकाने नियतकालिकाच्या नावातच शिक्षण आणि करमणूक दोन्ही घातली होती, आणि त्यातलं शिक्षण हे पैसे देणाऱ्या आईबापांसाठी होतं. खुशामतच करायची तर व्हर्नने बापांची केली असती, आणि पागानेल पहिल्या शंभर पानांत बेट ओळखून मोकळा झाला असता. शिवाय वाल्मीकींना तर कोणी बालवाचक नव्हते. किष्किंधाकांडात दक्षिणेकडच्या शोधपथकाचं पुढारपण अंगद या तरण्या युवराजाकडे आहे. सुग्रीवाने दिलेला एक महिना एका गुहेत संपून जातो, समुद्रकिनारी येऊन सगळे हताश होतात आणि प्रायोपवेशनाला बसतात. शोध थांबतो, आणि तेव्हाच माग लागतो. बोलता बोलता जटायूचं नाव निघतं, ते डोंगरावर बसलेल्या म्हाताऱ्या संपातीच्या कानावर पडतं. संपाती आधी एवढं भक्ष्य आयतं चालून आलं म्हणून आनंदलेला असतो. आपल्याला खायला निघालेल्या गिधाडाचं म्हणणंही अंगद ऐकून घेतो आणि लंकेचा पत्ता मिळतो. पथकात एखादा पागानेल असता तर त्याने संपातीला आधी गिधाडांच्या जाती समजावून सांगितल्या असत्या.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. पागानेलच्या चुकीनेच तर सगळे वाचले! हे नाकारून चालणार नाही. जखमी ग्लेनारव्हन नौकेला ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर बोलावणारं पत्र सांगतो, पागानेल ते लिहून घेतो, आणि एअर्टन ते पत्र पळवतो म्हणजे नौका आयतीच दरोडेखोरांच्या हाती लागावी. पण पागानेलने ऑस्ट्रेलियाऐवजी न्यूझीलंड लिहिलेलं असतं. नौका तिकडे जाते आणि एअर्टनच पकडला जातो. म्हणून विद्वानाचं माप त्याच्या पदरात टाकावं का? मला तर उलटंच दिसतं. त्या क्षणी त्याचं लक्ष जमिनीवर पडलेल्या वर्तमानपत्राच्या नावातल्या अक्षरांवर होतं आणि डोक्यात नवं वाचन घोळत होतं. सांगणारा काय सांगतो आहे ते त्याने ऐकलंच नाही. न ऐकण्याने एखाद्या वेळी जीव वाचतो हे मी मान्य करतो. पण तो नशिबाचा भाग झाला, आणि नशिबावर पथकं पाठवायची तर भूगोल मंडळाचा चिटणीस कशाला, कोणीही चालेल.

तिसरी हरकत मला व्हर्ननेच घेतलेली वाटते. ऑस्ट्रेलियात पथकाला टोलिने नावाचा आठ वर्षांचा आदिवासी मुलगा भेटतो. मेलबर्नच्या शाळेत त्याला भूगोलाचं पहिलं बक्षीस मिळालेलं असतं. पागानेल खूश होऊन परीक्षा घेतो, आणि पोर शांतपणे सांगत जातं की आशिया इंग्रजांचा, आफ्रिका इंग्रजांची, युरोपही इंग्रजांचा, आणि फ्रान्स हा इंग्रजांचा एक प्रांत असून त्याचं मुख्य शहर कॅले. मोठ्यांचं ऐकणाऱ्या पोरांची ही अवस्था असेल तर त्यांच्या कानांवर भिस्त कशी ठेवायची? आणि हे कादंबरीपुरतं नाही. शोधकार्य करणाऱ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आहे की रानात हरवलेली मुलं कधी कधी आपल्याला शोधायला आलेल्यांपासूनच लपतात, कारण अनोळखी माणसाशी बोलायचं नाही हे त्यांनी घरी नीट ऐकलेलं असतं. हाका ऐकू येत असतात आणि पोर झुडपात दम धरून बसतं. पण यात बोट कोणाकडे दाखवायचं? टोलिनेने मास्तरांचं ऐकलं, आणि मास्तर अजून कोणाचं ऐकत नव्हते. झुडपातल्या मुलाने आईचं ऐकलं, आणि आईने रानात हरवल्यावर काय करायचं हे सांगितलंच नव्हतं. कान दोन्हीकडे चोख होते. बिघाड तोंडाच्या बाजूला होता.

कादंबऱ्या बाजूला ठेवून प्रत्यक्ष शोधाकडे पाहिलं तर तिथलं शास्त्रही पोरांच्याच बाजूने बोलतं. अमेरिकेतल्या रॉबर्ट कोस्टर यांनी हरवलेल्या माणसांच्या हजारो नोंदी गोळा करून २००८ मध्ये त्यांच्या वागण्यावर एक जाडजूड पुस्तक केलं. त्यात माणसांचे प्रकार पाडले आहेत: मुलं वयागणिक वेगळी, स्मृतिभ्रंश झालेले वेगळे, शिकारी वेगळे, रानमेवा आणि आळंबी वेचणारे वेगळे, कारण ते जमिनीकडे बघत बघत जातात आणि मान वर करतात तेव्हा कुठे आलो ते कळत नाही. म्हणजे शोधपथकाने आधी नकाशा उघडायचा नाही. हरवलेला माणूस कोण, कसा, काय करायला गेला होता हे घरच्यांकडून ऐकून घ्यायचं. आणि रानात गेल्यावर? सगळ्यांनी एकदम शिट्टी वाजवायची किंवा हाळी घालायची, मग थांबायचं, पाय वाजवायचे नाहीत, सॅक खाली ठेवायची, आणि नुसतं ऐकायचं. हरवलेल्याची ओ या शांततेत येते. सह्याद्रीत धुकं उतरलं की दोन हातांवरचा माणूस दिसत नाही, कड्यावर आदळून आवाज भलतीकडून येतो, तेव्हा नजर आणि नकाशा दोन्ही निकामी. अशा वेळी जो "अरे, तो डावीकडेच असणार, मी सांगतो ना" म्हणत राहतो, तो खालून येणारी ओ बुजवत असतो.

चौथी हरकत आईबापांची, आणि ती रास्त आहे: पोरांना रानात पाठवलं तर तीच हरवतील. हो, हरवतील. पण मोठे हरवत नाहीत या समजुतीला आधार काय? २००९ मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी धडधाकट प्रौढांना एका घनदाट जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बरी चालली. ढग आले की जंगलातली माणसं गोल फिरून स्वतःच्याच वाटेवर परत आली, आणि आपण सरळ जातो आहोत अशी त्यांची समजूत होती. डोळ्यांवर पट्टी बांधली तर काहींचे फेरे वीसेक मीटरच्या वर्तुळात मावले. आपल्याकडे याला चकवा म्हणतात, आणि कोकणात त्याच्यावरचा उतारा पूर्वीपासून ठरलेला: आहे तिथे बस, तांबडं फुटायची वाट बघ. पागानेलचं पथक मात्र चकव्यात कधीच सापडलं नाही. त्याच्याकडे अक्षांश होता, आणि तो धरून ते काटेकोर सरळ गेलं. पृथ्वी गोल असल्यामुळे सरळ जाऊनही चकवा होतो ही गोष्ट भूगोल मंडळाच्या चिटणीसाला माहीत असायला हवी होती.

कुंभमेळ्याचं उदाहरण माझ्याविरुद्ध देता येईल, तेही देऊन टाकू. प्रयागला १९४६ पासून भूले-भटके शिबिर चालतं; राजाराम तिवारींनी ते सुरू केलं. तिथे तर भोंगा बोलतो आणि माणसं सापडतात! पण भोंग्यावर काय बोलायचं हे कळण्याआधी तंबूत काय होत असेल ते डोळ्यांसमोर आणा. हरवलेल्या आजी बसल्या आहेत. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. गावाचं नाव म्हणाल तर "आमचं गाव" हेच. मुलाचं नाव विचारावं तर "थोरला". पंढरपूरच्या वारीतही आजी अशाच असतात. अशा आजींकडून नाव, गाव, तालुका काढणं हे बोलण्याच्या शाळेत शिकलेल्याचं काम नव्हे. त्याला बसायला लागतं, पाणी द्यायला लागतं, थोरल्या सुनेची सगळी तक्रार शेवटापर्यंत ऐकायला लागते, आणि त्या तक्रारीत कुठेतरी गावाच्या यात्रेच्या देवाचं नाव येतं. भोंगा हे शेवटचं अर्धं मिनिट.

भागवतांनी हे ओळखलं होतं असं मला फार वाटतं. व्हर्न मराठीत आणणाऱ्या या लेखकाने स्वतःचा कुमार हेर उभा केला तो फुरसुंगीचा बनेश फेणे, आणि या फास्टर फेणेचा सगळ्यात गाजलेला संवाद म्हणजे "ट्टॉक्". जीभ टाळूला लावून काढलेला एक आवाज, झालं. ना तर्क, ना भाषण, ना "मला आधीपासूनच शंका होती". पाश्चात्त्य गुप्तहेर शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून तास-दीड तास बोलतो. आमचा पोर एका आवाजात मोकळा होऊन पुन्हा सायकलवर बसतो. एवढं कमी बोलणारा मुलगा कुठल्याही घरात ओरडा खाईल, "अरे, तोंड उघडून सांग ना काय झालं ते!" म्हणून. आणि तोंड उघडलं की, मध्ये मध्ये बोलू नकोस.

एक हिशेब तेवढा राहिला. टेबर बेट. १८४३ मध्ये 'मारिया तेरेसा' नावाच्या देवमाशांची शिकार करणाऱ्या अमेरिकन जहाजाने दक्षिण पॅसिफिकमध्ये तिथे खडक दिसल्याची खबर दिली. जहाजाच्या कप्तानाचं नाव टेबर. म्हणून नकाशांवर एकाच जागेला दोन नावं चढली आणि पागानेलची फजिती झाली. व्हर्नने तिथे कॅप्टन ग्रँटला ठेवलं, मग एअर्टनला ठेवलं, आणि पुढे रहस्यमय बेटावरच्या कादंबरीत त्याच एअर्टनला तिथून सोडवूनही आणलं. पण प्रत्यक्षात नंतर तो भाग धुंडाळणाऱ्यांना तिथे खोल समुद्राखेरीज काही मिळालेलं नाही. बेट नाही, खडक नाही. विसाव्या शतकात नकाशाकारांनी जागा सरकवून पाहिली, तरी नाही. उत्तम यंत्रं, अचूक अक्षांश, अचूक रेखांश, सगळे अनुभवी अधिकारी. आणि सर्वेक्षणाच्या जहाजावर बारा वर्षांच्या मुलाला रात्री कठड्याशी उभं राहू देण्याची पद्धत नाही.